स्वल्प वाळवा

आमच्या प्रयोगशाळेतल्या जुन्या फ्रिजच्या दारावर लाल रंगाने तीन ओळी लिहिलेल्या होत्या. ओलं ठेवा. धातूचा चमचा लावू नका. चिमटीहून जास्त काढू नका. वर कन्नड, खाली इंग्रजी. ज्या माणसाने हातात ब्रश घेऊन या ओळी रंगवल्या, त्यानेच त्या मोडल्या असं पुढे चौकशीच्या अहवालात लिहिलं गेलं. तो अहवाल खोटा आहे. हे मला खात्रीने सांगता येतं, कारण तो खोटा मी केला.

तो माणूस आता नाही. त्याच्या बायकोला विचारून मी हे लिहितो आहे. 'लिहा, पण नाव नको,' एवढंच त्या म्हणाल्या. म्हणून इथे कुणाचंच नाव नाही. माझंही नाही.

मी पुण्याहून बंगलोरला आलो तो नव्वदच्या दशकाच्या मध्यावर. तेव्हा आम्ही बंगलोरच म्हणायचो. डॉक्टरेट नुकतीच झाली होती आणि एका सरकारी संशोधन संस्थेत तात्पुरती नेमणूक मिळाली होती. ती दर वर्षी नवी व्हायची, आणि दर वर्षी ती नवी होईपर्यंत मला नीट झोप लागत नसे. इंदिरानगरमध्ये एका घराच्या वरच्या मजल्यावर खोली घेतली होती. खाली घरमालक राहायचे. फोन त्यांच्याकडे होता, माझ्याकडे नव्हता.

माझं काम सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. समुद्राजवळ वापरायच्या उपकरणांच्या पोलादी पट्ट्यांना गंज लागू नये म्हणून त्यांच्यावर प्लास्टिकच्या जातीचा एक पातळ थर चढवायचा होता. रंग फासतात तसा फासायचा नव्हता, कारण फासलेला थर कधी ना कधी सुटतो. तो पट्टीवरच उगवायला हवा होता. त्यासाठी पट्टी एका द्रावणात बुडवायची आणि तिला विजेची तार जोडायची. द्रावणात एक क्षार घातलेला असे. पट्टीपाशी वीज मिळाली की त्या क्षाराचा रेणू मोडायचा, त्यातला नायट्रोजन निसटून जायचा आणि उरलेला तुकडा धातूला घट्ट पकडायचा. त्या तुकड्यापासून साखळी वाढायला लागायची, आणि बघता बघता पट्टीचा रंग बदलायचा. या क्षाराला कागदोपत्री आम्ही इनिशिएटर म्हणायचो. आमचे टेक्निशियन त्याला विरजण म्हणायचे. विरजणाशिवाय दूध नुसतं दूधच राहतं, असं त्यांचं म्हणणं.

या विरजणात एक खोड होती. जो नायट्रोजन पट्टीवर शांतपणे सुटायचा, तोच कोरड्या क्षारातून एकदम सुटला तर स्फोट होतो. त्याला वीजही लागत नाही. खरवडणं पुरतं. या जातीचे काही क्षार कोरडे झाले तरी शहाण्यासारखे वागतात. आमचा त्यातला नव्हता. म्हणून तो ओलसर लगद्याच्या रूपात पांढऱ्या प्लास्टिकच्या डबीत, फ्रिजमध्ये असायचा, आणि दारावर त्या तीन ओळी.

टेक्निशियनना सगळे अण्णा म्हणत. मीही म्हणायला लागलो. पन्नाशी ओलांडलेले, बुटके, शर्टाच्या खिशात नेहमी दोन पेनं. त्यांच्या पणजोबांच्या वेळी घराणं साताऱ्याकडून इथे आलं होतं. जयनगरला त्यांचं स्वतःचं लहानसं घर होतं आणि घरात मराठी बोलत, पण ती मराठी इतकी वर्षं कन्नडच्या शेजारी राहिलेली. मी त्यांच्या बोलण्याला हसलो की ते म्हणायचे, तुमची मराठी इस्त्रीची, आमची वापरातली.

पहिल्याच आठवड्यात ते मला म्हणाले, "सर, स्वल्प दार लावा की."

स्वल्प म्हणजे थोडं, हे मला शाळेपासून माहीत. मी दार थोडं ओढलं आणि चार बोटं फट ठेवून परत कामाला लागलो. एसीची हवा बाहेर जात राहिली. अण्णांनी फटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"पुण्यात दार हप्त्याहप्त्याने लावतात काय?"

मग त्यांनी समजावून सांगितलं. इथे स्वल्प म्हणजे माप नाही, विनंती आहे. स्वल्प बसा म्हटलं तर अर्धं बसायचं नसतं. स्वल्प दार लावा म्हणजे कृपा करून लावा, आणि लावा म्हणजे पुरतं लावा. हा किस्सा त्यांनी कँटीनमध्ये सगळ्यांना सांगितला. पुढचा महिनाभर मी दिसलो की कुणीतरी दाराकडे बोट दाखवायचं. आम्ही दोघं रोज एक कॉफी दोघांत घ्यायचो, वन-बाय-टू, आणि ती वाटताना ते विचारायचे, तुमचं स्वल्प ओतू की आमचं.

हे सगळं मी मुद्दाम सांगतो आहे. त्या शब्दाचा अर्थ मला माहीत नव्हता असं मला कधीच म्हणता येणार नाही.

आमच्यात आणखी एक सवय पडली होती. नियमाप्रमाणे प्रत्येक सूचना रजिस्टरमध्ये, इंग्रजीत, सहीनिशी लिहायची असे. पण रजिस्टर दुसऱ्या टोकाच्या कपाटात, आणि त्या मजल्यावर मराठी वाचणारे आम्ही दोघंच. म्हणून मी मराठीत चिठ्ठी लिहून फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली लावायचो. काम झालं की अण्णा ती चिठ्ठी काढून टाकायचे आणि मागाहून, सवड मिळेल तेव्हा, रजिस्टरमध्ये नोंद व्हायची. परक्या गावात आपल्या भाषेत दोन ओळी लिहायला बरं वाटायचं. त्यात कुणाचं काही वाईट होईल असं तेव्हा कोण म्हणालं असतं.

दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस काम अडलं. ओलसर क्षाराबरोबर द्रावणात पाणी जायचं आणि पाण्याने थर डागाळायचा. तपासणी साधी होती: थरावर चिकटपट्टी दाबायची आणि झटक्यात ओढायची. आमचा थर दर वेळी चिकटपट्टीबरोबर निघून यायचा, एखाद्या जुन्या खपलीसारखा. फक्त एकदा तो हलला नव्हता. त्या दिवशी गाळणीच्या कडेला राहिलेला कणभर क्षार आपोआप सुकला होता आणि मी तो वापरला होता. ती पोलादी पट्टी मी नखाने खरवडली, वाकवली, तरी थर जागचा सुटेना. मी ती अण्णांना दाखवली. त्यांनी ती हातातसुद्धा घेतली नाही.

"ज्या विरजणाला भ्यावं लागतं, त्याचं दही खाऊ नये सर."

मी हसण्यावारी नेलं. पण ती पट्टी माझ्या टेबलाच्या खणात राहिली, आणि मी दिवसातून दोनदा तरी खण उघडून पाहायचो.

मग कळलं की दिल्लीहून पाहणी करणारे लोक येणार आहेत. बुधवारी. थर टिकला तर प्रकल्प पुढे जाणार आणि माझी नेमणूक कायम होणार, हे मला आमच्या विभागाच्या साहेबांनी जवळजवळ सांगितलंच होतं. शुक्रवारी दुपारी मला पाहणीत पडद्यावर दाखवायच्या पारदर्शिका छापून आणायला शहरात जायचं होतं. अण्णा खाली भांडारात गेले होते. मी चिठ्ठी लिहिली. ती अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे:

'अण्णा, पांढऱ्या डबीतला माल डेसिकेटरमध्ये ठेवा. स्वल्प वाळवा. सोमवारी लागेल.'

डेसिकेटर म्हणजे जाड काचेचं झाकणाचं भांडं. तळाशी ओल शोषणारी खडी असते. आत ठेवलेली वस्तू हळूहळू खडखडीत कोरडी होते. त्या क्षाराला आम्ही टिपकागदात दाबून ओल कमी करायचो. डेसिकेटरमध्ये तो कधीच ठेवला नव्हता. आणि शुक्रवारी ठेवलेलं सोमवारी काढलं तर ते थोडं वाळलेलं कसं राहील? ही तीन वाक्यं एकापुढे एक वाचली तर त्यांचा एकच अर्थ होतो. लिहिताना मी तो अर्थ स्वतःशी बोललो नाही, इतकंच. स्वल्प हा शब्द हाताशी होता. तो मी त्यांचा म्हणून लिहिला की माझा, हे मी ठरवलंच नाही. न ठरवणंच मला सोयीचं होतं.

संध्याकाळी घरी आलो तर घरमालकीण जिन्यापाशी थांबल्या होत्या. तुमच्या ऑफिसातून फोन होता, म्हणाल्या, अण्णा म्हणून कुणीतरी. फार गमतीचं विचारत होते: थोडं का पूर्ण. एवढंच विचारा आणि मला कळवायला सांगा, असा निरोप आहे. त्यांना हसू येत होतं. त्यांनी फोनकडे बोटही दाखवलं.

अण्णांच्या शेजाऱ्यांचा नंबर माझ्या वहीत होता. मी म्हटलं, करतो. आणि वर गेलो.

त्या रात्रीचं काही सांगण्यासारखं नाही. शनिवार, रविवार संस्था बंद. शनिवारी मी पारदर्शिका नीट लावल्या. रविवारी कपडे धुतले. गच्चीवर चांगलं ऊन होतं. दोरीवरचे कपडे तासाभरात वाळले, आणि मी त्यांच्याकडे पाहत किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. अण्णांनी डेसिकेटर खिडकीपाशी तर ठेवला नसेल ना, असा विचार आला. म्हणजे त्यांनी क्षार आत ठेवला आहे हे मी धरूनच चाललो होतो. खाली घरमालकांचा फोन दोनदा वाजला. दोन्ही वेळा मी जिन्यात येऊन थांबलो. दोन्ही वेळा तो माझ्यासाठी नव्हता.

सोमवारी मी माझी नेहमीची बस सोडली. थांब्यावर उभा होतो, बस आली, जागाही होती, आणि मी चढलो नाही. पुढची पंचवीस मिनिटांनी आली. ती पहिली बस मी का सोडली याचं उत्तर मला आजही पूर्ण देता येत नाही. जेवढं देता येतं तेवढं लाजिरवाणं आहे: तो डेसिकेटर उघडताना मला तिथे असायचं नव्हतं.

आमच्या मजल्याच्या व्हरांड्यात मी पोचलो होतो तेव्हा आवाज झाला. फार मोठा नव्हता. एखादं जाडजूड पुस्तक फरशीवर आपटावं तेवढा. मग काच पडत राहिली, बराच वेळ.

अण्णा टेबल आणि भिंत यांच्या मधे पडले होते. डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं होतं. उजव्या हाताची दोन बोटं गेली होती आणि डावा डोळा. उजवा वाचला, कारण त्यांनी चष्म्यावर आणखी एक चष्मा लावला होता आणि डेसिकेटरभोवती ओलं फडकं गुंडाळलं होतं. म्हणजे त्यांनी भीत भीतच उघडलं होतं. प्लास्टिकचा चमचा तुटून पडला होता. शेजारच्या खोलीतली माणसं धावत आली, कुणी त्यांना उचलत होतं, कुणी गाडीसाठी ओरडत होतं. मी फ्रिजपाशी गेलो. चिठ्ठी चुंबकाखाली होती. काम पुरतं झालं नव्हतं, म्हणून त्यांनी ती अजून काढली नव्हती. मी ती काढली आणि खिशात घातली.

हात नकळत गेला असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत होतो. नकळत गेला नव्हता. त्या गोंधळात मी चुंबक परत जागेवर लावला होता.

अण्णा दोन दिवस बेशुद्ध होते आणि दोन महिने इस्पितळात. पाहणी रद्द झाली, प्रकल्प बंद पडला. चौकशी समितीची तीन माणसं इस्पितळात जाऊन त्यांचा जबाब घेऊन आली. मग मला बोलावलं. अध्यक्ष सज्जन गृहस्थ होते, माझ्यासाठी चहा सांगितला. म्हणाले, टेक्निशियन म्हणतो तुम्ही लेखी सूचना ठेवली होती. फ्रिजवर, तुमच्या भाषेत. खरं आहे का?

मी म्हटलं, नाही. आमच्या सगळ्या सूचना रजिस्टरमध्ये असतात.

त्यांनी रजिस्टर उघडलं. शुक्रवारच्या पानावर काही नव्हतं. त्यांनी मान हलवली आणि सांगितलं की डॉक्टरांच्या मते डोक्याला मार लागल्यावर माणसाला न घडलेल्या गोष्टी घडल्यासारख्या वाटू शकतात. बिचारा खोटं बोलत नसेल. मी चहा पूर्ण प्यालो. अहवालात आलं: नियम मोडून क्षार कोरडा केला, दोष स्वतःचा. अण्णांना वेळेआधी निवृत्त केलं गेलं. मला सहा महिन्यांनी दुसऱ्या विभागात कायम केलं.

चिठ्ठी मी फाडली नाही. का, हे विचारू नका. फाडायला दोनदा बसलो होतो. ती माझ्या प्रमाणपत्रांच्या फाइलमध्ये होती. तिच्या एका कोपऱ्याला अण्णांचा क्षाराने ओला झालेला हात लागला असावा, तिथे फिकट पिवळा डाग होता. हे क्षार उजेडात काळवंडतात. मी फाइल उघडली की तेवढा उजेड त्याला मिळायचा. दर वेळी डाग आधीपेक्षा गडद वाटायचा, आणि तो कोरडा आहे हे माहीत असल्यामुळे मी कागद अगदी कडेने, हलक्या हाताने धरायचो. त्या डागात काही उरलेलं नाही हे मला रसायनशास्त्राने ठाऊक होतं. तरी धरायचो.

तीन वर्षं गेली. या काळात मी अण्णांना एकदाच भेटलो होतो, इस्पितळात, ते झोपेत असताना. डिसेंबरमध्ये एका संध्याकाळी जयनगरच्या बाजारात मागून हाक आली. अण्णांच्या पत्नी, ज्यांना आम्ही अक्का म्हणायचो. अवऱ्याच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगांचे दिवस होते, सगळ्या बाजाराला त्यांचा वास येत होता, आणि अक्का दोन्ही हातांत पिशव्या घेऊन उभ्या होत्या. त्यांनी माझी चौकशी केली, लग्न झालं का विचारलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या की यांचं डोकं अजून ठिकाणावर नाही. तब्येत तशी बरी आहे. पण चिठ्ठी होती, चिठ्ठी होती, हे चालूच. आम्ही सगळ्यांनी समजावलं. डॉक्टरांनी समजावलं.

"तुम्ही एकदा येऊन सांगा त्यांना. तुमचं ऐकतील ते. तुमच्यावर फार जीव आहे."

मी पुढच्या रविवारी गेलो. जाताना ठरवून गेलो होतो की खरं सांगायचं. फाइल मात्र घरी ठेवून गेलो होतो, यावरून काय ते समजा.

अण्णा पुढच्या ओसरीवर लाल फरशीवर खुर्ची टाकून बसले होते. मला पाहून उठायला लागले. माझा हात डाव्या हाताने धरला. जेवण झालं का विचारलं. मग, अक्का आत गेल्यावर, अगदी हळू, एखादी चोरून आणलेली गोष्ट दाखवावी तसं म्हणाले, "सर, चिठ्ठी होती ना?"

त्या आवाजात आरोप नव्हता. माणूस रस्ता विचारतो तसं ते विचारत होते.

मी म्हटलं, "नव्हती अण्णा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, त्या एका डोळ्याने. मग म्हणाले, "सरी," ठीक आहे म्हणायचा त्यांचा कन्नड शब्द, आणि पुन्हा त्याबद्दल बोलले नाहीत. अक्का मला फाटकापर्यंत सोडायला आल्या तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. माझे उपकार मानत होत्या.

संक्रांतीला त्यांनी मला बोलावलं. मी गेलो. आणि आत पाऊल टाकलं तेव्हा मी काय केलं आहे ते मला दिसलं.

घरात सगळीकडे चिठ्ठ्या होत्या. कॅलेंडरच्या मागच्या पानांचे तुकडे करून, डाव्या हाताच्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलेल्या. गॅसच्या वर: 'गॅस बंद केला.' औषधांच्या डब्यावर: 'सकाळची गोळी घेतली.' आरशाला चिकटवलेली: 'आंघोळ झाली.' प्रत्येक चिठ्ठीखाली अक्कांची सही. त्यांनी मला सांगितलं की मी येऊन गेल्यापासून हे सुरू झालं. आता ते वाद घालत नाहीत, चिठ्ठीचं नाव काढत नाहीत. फक्त स्वतःवर विश्वास नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात एकटे जात नाहीत. एखादी गोष्ट केली की लिहितात आणि सही मागतात. सही असली तरच ती घडली. हे सांगताना अक्का हसण्याचा प्रयत्न करत होत्या. आमच्या घरी आता ऑफिस आहे, म्हणाल्या.

मग त्यांनी माझ्या तळहातावर एळ्ळु-बेल्ल ठेवलं. इथे तिळगुळाऐवजी तीळ, गूळ, खोबरं आणि दाणे असे सुटे देतात. मराठीत एकदा आणि कन्नडमध्ये एकदा, गोड बोला म्हणाल्या. अण्णांनी माझ्या तळहाताकडे पाहिलं. खिशातून पेन काढलं. कागदाच्या एका तुकड्यावर सावकाश लिहिलं: 'सरांना एळ्ळु-बेल्ल दिलं.' आणि तो अक्कांपुढे सहीसाठी धरला.

त्या दिवशी चिठ्ठी माझ्या खिशात होती. या वेळी मी ती घेऊन आलो होतो, पण देईन असं मला वाटत नव्हतं. मी हातातले तीळ बाजूला ठेवले आणि ती त्यांना दिली.

अण्णांनी ती डोळ्याजवळ नेली. एकेका शब्दावर बोट ठेवून वाचली.

"तुमचंच अक्षर," ते म्हणाले. मग अक्कांना जवळ बोलावलं आणि कागद त्यांच्या हातात दिला. अक्कांनी वाचला. त्या माझ्याकडे पाहतील म्हणून मी खाली पाहत होतो, पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या अण्णांकडे पाहत होत्या. तीन वर्षं त्यांनीच त्या माणसाला रोज सांगितलं होतं की अशी चिठ्ठी नव्हती. त्या खाली बसल्या, नुसत्या फरशीवर, आणि पदर तोंडाला लावला.

मी म्हणालो की मी संस्थेला कळवीन, सगळं लिहून देईन. पुढे ते मी केलं. पत्र दिलं, प्रत ठेवली. काही महिन्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं की प्रकरण बंद झालेलं आहे. मी पुन्हा लिहिलं. त्याचं उत्तर आलं नाही. माझी नोकरी गेली नाही. जावी अशी माझी फार इच्छा होती असंही मी म्हणणार नाही. पण हे सगळं नंतरचं. त्या क्षणी अण्णांना संस्थेशी काही देणंघेणं नव्हतं.

"सर, एकच सांगा," ते म्हणाले. "तुमचं स्वल्प की आमचं?"

मी म्हणू शकलो असतो की माझं. पुण्याचं. थोडंसं. त्यांनी ते मानलंही असतं, आणि मग चूक आम्हा दोघांची, एका शब्दाची झाली असती. कागदावरून कुणालाच सांगता आलं नसतं. मी म्हटलं, "तुमचं. मला कोरडंच हवं होतं." आणि थांबता आलं असतं तिथे थांबलो नाही. त्यांना सांगितलं की शुक्रवारी त्यांनी माझ्या घरी फोन केला होता. थोडं का पूर्ण, असं विचारलं होतं. निरोप मला मिळाला होता. मी उलट फोन केला नाही.

अण्णांच्या कपाळावर आठी पडली. ते आठवायचा प्रयत्न करत होते. "मला आठवत नाही ते," ते म्हणाले. "खरंच केला होता?"

"हो."

"म्हणजे मी विचारलं होतं."

"विचारलं होतं, अण्णा."

त्यांनी हे वाक्य आणखी एकदा उच्चारलं, माझ्यासाठी नाही, अक्कांसाठी: मी विचारलं होतं गं. मग अक्कांच्या हातातून चिठ्ठी घेतली, तिची घडी केली, आणि ज्या खिशात ते दोन पेनं ठेवायचे त्यात ठेवली. एळ्ळु-बेल्लची नोंद केलेला तो कागदाचा तुकडा, सही न झालेला, त्यांच्या मांडीवर होता. तो त्यांनी चुरगळून खाली टाकला.

मी उभा राहिलो. माफी हा शब्द मी मनात घोळवून आणला होता, पण तो त्या घरात काढायला तोंड उघडलं नाही. त्यांनीही तो मागितला नाही, दिला नाही. त्यांनी खुर्ची थोडी वळवली, अक्कांकडे तोंड करून, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले,

"जाताना स्वल्प दार लावा."

मी बाहेर आलो आणि दार लावलं. पुरतं. खटका बसल्याचा आवाज येईपर्यंत धरून ठेवलं.